देणगीसाठी देश पालथा घालणारे: नाशिकच्या सायकलस्वारांमागचा इतिहास

पाऊस ओसरून हवेत गारवा आला की नाशिकमधून कोणी ना कोणी लांबच्या सायकल मोहिमेवर निघतं. कोणी इथूनच थेट कन्याकुमारी गाठायला निघतो, तर कोणी सायकली आधी काश्मीरकडे पाठवून तिकडून खाली उतरत येतो. जर्सीच्या पाठीवर एखाद्या संस्थेचं नाव असतं, हल्ली त्याखाली क्यूआर कोडही असतो. मग सिन्नरच्या एखाद्या चहाच्या टपरीवर प्रश्न येतोच: "सायकल तुम्ही चालवणार, मग पैसे आम्ही का द्यायचे?" प्रश्न खवचट वाटला तरी रास्त आहे. पाय एकाचे, पैसा दुसऱ्याचा आणि फायदा तिसऱ्याचा, अशी ही सांगड आहे. ती कुठून आली हे पाहायला गेलं तर बाहेरून आलेली एक रीत आणि आपल्याकडची एक जुनी चाल अशा दोन वाटा दिसतात, आणि त्यांचं एकमेकींशी फारसं जमत नव्हतं.

सुरुवातीच्या लांबच्या सफरींचा देणगीशी काही संबंध नव्हता. थॉमस स्टीव्हन्सने १८८४ ते १८८६ या काळात मोठ्या चाकाच्या सायकलवरून जगप्रदक्षिणा केली. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जग पाहायला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर करून परतले. इराण, सीरिया आणि सिनाईची वाळवंटं असं सगळं त्यांनी साध्या लोखंडी सायकलींवर पार केलं. त्यांना जग पाहायचं होतं आणि हिंदुस्थानी माणूस हे करू शकतो हे दाखवायचं होतं. कुठल्या इस्पितळासाठी किंवा शाळेसाठी ते निघाले नव्हते.

सायकल आणि पैसा यांची गाठ आपल्याकडे पडली ती गावातल्या मैदानात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ज्यांचं बालपण जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी गेलं, त्यांना 'सलग सात दिवस सायकल' हा प्रकार आठवत असेल. मैदानात फक्कीचं रिंगण आखलेलं, मधोमध बांबूला बांधलेला कर्णा, रात्री दिव्यांची माळ. त्या रिंगणात एक माणूस सायकलवर गोल गोल फिरत राहायचा. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, आंघोळसुद्धा सायकलवरच; दोन पोरं बाजूने धावत डोक्यावर बादली ओतायची. मध्येच तो हँडल सोडून सीटवर उभा राहायचा, दातांनी काहीतरी उचलायचा. रात्री तो खरंच झोपत नाही ना, हे बघायला लोक मुद्दाम उशिरा चक्कर मारायचे. बक्षीस म्हणून नोट द्यायची असेल तर ती टाचणीने त्याच्या सदऱ्याला लावायची आणि कर्ण्यावरून नाव पुकारलं जायचं: अमुक अमुक यांजकडून अकरा रुपये! शेवटच्या दिवशी हार घालून वाजतगाजत मिरवणूक निघायची.

हा पैसा त्याच्या स्वतःच्या पोटासाठी असायचा आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण आजच्या मोहिमांचा सांगाडा त्या रिंगणात जवळजवळ पुरा दिसतो. सगळ्यांसमोर केलेले कष्ट, ठरलेली मुदत, देणाऱ्याच्या नावाचा पुकारा आणि शेवटी सत्कार. फक्त तिसरा माणूस, म्हणजे ज्याच्यासाठी हे चाललंय तो, तेव्हा चित्रात नव्हता.

तो तिसरा माणूस परदेशात आला. १९६० च्या दशकात पायी चालून निधी गोळा करण्याची टूम निघाली. कॅनडात १९६७ मध्ये 'माइल्स फॉर मिलियन्स' या पदयात्रा सुरू झाल्या. तुम्ही ओळखीपाळखीच्या लोकांकडे जायचं, दर मैलाला अमुक देतो असं त्यांच्याकडून लिहून घ्यायचं, मग चालायचं आणि जितके मैल झाले तितका हिशेब करून पैसे वसूल करायचे. देणारा संस्थेला ओळखत नसला तरी चालणाऱ्याला ओळखतो, ही यातली खरी युक्ती.

पण देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची कल्पना लोकांच्या मनात रुजवली ती टेरी फॉक्सने. कर्करोगामुळे एक पाय गमावलेला हा कॅनेडियन तरुण १९८० च्या एप्रिलमध्ये कृत्रिम पाय लावून देश आडवा धावत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर कर्करोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावं लागलं आणि पुढच्या वर्षी तो गेला. दर कॅनेडियन माणसामागे एक डॉलर मिळावा अशी त्याची इच्छा होती, आणि तेवढा निधी त्याच्या हयातीतच जमला. त्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात 'पॅन-मास चॅलेंज' नावाची सायकल मोहीम ३६ जणांनी सुरू केली. पहिल्या वर्षी दहा हजार डॉलरच्या आसपास रक्कम जमली. आज त्या एका मोहिमेने कर्करोगाच्या संशोधनासाठी आणि उपचारांसाठी जमवलेली एकूण रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. तिथे सायकलस्वाराला ठरावीक किमान रक्कम आणून द्यायचं बंधन असतं. नुसती सायकल चालवून भागत नाही.

आपल्या लोकांना हा प्रकार कळला तो बहुधा क्रिकेटमुळे. १९८५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंग्लंडचा क्रिकेटपटू इयान बॉथम ब्रिटनच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत चालत गेला, ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून. त्याची चाल संपून महिना होतो न होतो तोच, २४ डिसेंबर १९८५ रोजी, म्हणजे साने गुरुजींच्या जयंतीला, कन्याकुमारीहून बाबा आमटे यांचं 'भारत जोडो' अभियान निघालं. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर आणि सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना धड बसताही येत नव्हतं, ते आडवे पडून प्रवास करत. काश्मीरपर्यंत पाच हजारांवर किलोमीटर झाले. १९८८ मध्ये दुसरं अभियान ईशान्येतल्या इटानगरहून गुजरातच्या ओखा बंदरापर्यंत गेलं.

देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकल ही कल्पना मराठी घरात शिरली ती इथून, आणि तिला निधी हा शब्दच मान्य नव्हता. पंजाब पेटलेला होता आणि बाबांना माणसं जोडायची होती. मारण्यासाठी नाही, मागण्यासाठी नाही, हात निर्मितीला लागावेत, अशा अर्थाची त्यांची घोषणा होती. काम माणसाला उभं करतं आणि दान त्याला मोडतं, हे आनंदवनाचं ब्रीद. एकाच हिवाळ्यात बॉथम देणगीसाठी देश पायाखाली घालत होता आणि बाबांची पोरं 'मागण्यासाठी नाही' म्हणत पॅडल मारत होती. माझ्या मते आपल्याकडच्या सायकल मोहिमांमध्ये पैशाविषयी जो संकोच आजही दिसतो, त्याचं मूळ इथे आहे. 'पाणी वाचवा', 'बेटी बचाओ', 'प्रदूषण टाळा' असे संदेश घेऊन निघणारे ढीगभर असतात. अमक्या संस्थेला अमुक लाख मिळवून देणार, असं उघड म्हणणारे मोजकेच.

संकोच आहे म्हणून आपल्याला मागता येत नाही असं मात्र नाही. अण्णासाहेब कर्वे गावोगाव फिरून आश्रमासाठी वर्गणी जमवत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी घराघरातून मूठभर धान्य मागून वसतिगृहं चालवली. गाडगे महाराजांची नाशिकची धर्मशाळा लोकांच्या पैशावरच उभी राहिली. पण या परंपरेत मागणारा स्वतः संस्थेचा माणूस असे, आणि देणाऱ्याला ते पैसे कुठे जाणार हे ठाऊक असे. शिवाय दर किलोमीटरला अमुक रुपये ही भाषा आपल्याकडे कधी रुजलीच नाही. आपला माणूस ठोक देतो आणि शेवटी एक रुपया जोडून देतो: १०१, ५०१, ११०१. सायकलस्वार अर्ध्या वाटेत आजारी पडला म्हणून निम्मेच पैसे द्यायचे, हे त्याला कद्रूपणाचं वाटतं.

आता नाशिक. हे शहर मुळात सायकलींचं होतं ते गरजेपोटी. नाशिकरोडचा नोटा छापणारा प्रेस, ओझरचा विमान कारखाना, सातपूरची एमआयडीसी, इथे पाळी सुटली की सायकलींचे लोंढे निघायचे. स्कूटर आणि मग मोटारसायकल आली तशा त्या सायकली जिन्याखाली गेल्या. त्या परत बाहेर आल्या तेव्हा त्यांना गिअर होते आणि चालवणारे डॉक्टर, व्यापारी, फौजी आणि पोलिस अधिकारी होते. शहराची ठेवणही सोयीची. सकाळी गंगापूर धरणापर्यंत जाऊन यावं, सुटीच्या दिवशी त्र्यंबक किंवा वणी, आणि खरी परीक्षा घ्यायची असेल तर कसारा घाट. खालून वर येताना घाटातली ती वळणं आणि पाठीमागून कण्हत चढणारे ट्रेलर यांची सवय झाली की देशातल्या बहुतेक रस्त्यांची भीती जाते.

२०१२ च्या सुमारास पोलिस अधिकारी हरीश बैजल यांच्या पुढाकाराने नाशिक ते पंढरपूर सायकल वारी सुरू झाली. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी सिन्नर, नगर, करमाळा करत आठवडे चालत जाते. सायकलवाल्यांनी ते अंतर दोन-तीन दिवसांवर आणलं. या वारीने नाशिकच्या सायकलिंगला एक वळण लावलं असं मला वाटतं. शर्यतीत मागे पडणाऱ्याची कोणी वाट बघत नाही. वारीत बघतात. पन्नाशीच्या काकू, दहावीतली मुलं, पंक्चर काढणारा, मागून येणारा टेम्पो, मुक्कामाच्या गावी जेवण सांगणारा, अशी सगळी फौज बांधायची सवय या शहराला लागली. लांबच्या मोहिमेत निम्मं काम या फौजेचं असतं.

याच काळात डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे नाशिकचे भाऊ 'रेस अक्रॉस अमेरिका'ची तयारी करत होते. हितेंद्र भूलतज्ज्ञ, महेंद्र दंतवैद्य. ही शर्यत १९८२ मध्ये चार सायकलपटूंपासून सुरू झाली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, आणि घड्याळ कुठेच थांबत नाही. टूर द फ्रान्ससारखे टप्पे नाहीत, रात्रीची विश्रांती नाही. दोघांच्या संघात एक चालवतो तेव्हा दुसरा मागच्या गाडीत खातो, झोपतो, पाय चोळून घेतो. नऊ दिवसांच्या आत पोचायचं असतं. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ते अंतर ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत कापलं आणि ही शर्यत पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. ज्या वर्षी गोदाकाठी सिंहस्थाची गर्दी होती, त्याच वर्षीची ही गोष्ट.

त्यांच्या संघाच्या नावातच 'व्हिजन फॉर ट्रायबल्स' होतं; आदिवासींच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी ही मोहीम होती. पेठ, सुरगाणा, कळवणच्या पाड्यांवरून मोतीबिंदूचा पेशंट नाशिकला आणायचा तर शस्त्रक्रियेच्या आधी त्याची आणि सोबत्याची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं. नाशिकच्या डॉक्टरला हे रोजच्या ओपीडीत दिसतं. म्हणून हा विषय जर्सीवर चिकटवलेल्या घोषणेसारखा वाटला नाही. देणाऱ्याला चालवणारा माहीत होता आणि दुखणंही माहीत होतं. परदेशी रीत आणि कर्वे-भाऊरावांची चाल इथे पहिल्यांदा नीट जुळली, असं मी म्हणेन.

त्यानंतर नाशिकहून या शर्यतीला जाण्याची रीघच लागली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पुरी केली, ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत. मुदत बारा दिवसांची होती. आदल्या वर्षी त्यांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली होती. लष्करातले डॉक्टर असलेले गोकुळनाथ तेव्हा नाशिकलाच नेमणुकीवर होते आणि सराव याच रस्त्यांवर करायचे. त्याच शर्यतीत नागपूरचे डॉ. अमित समर्थही काही तासांच्या अंतराने पोचले. देशातली मोठी कसोटी म्हणजे श्रीनगर ते कन्याकुमारी. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये हितेंद्र महाजन यांचा सतरा वर्षांचा मुलगा ओम याने हे अंतर ८ दिवस ७ तास ३८ मिनिटांत कापून तेव्हाचा सर्वात वेगवान प्रवास नोंदवला.

विक्रमांच्या या कौतुकात एक गोष्ट बाजूला पडते: खर्च. अमेरिकेच्या शर्यतीला प्रवेश शुल्क, गाड्या, दहाएक माणसांची सोबत, विमानाची तिकिटं, सुटे भाग असं धरून लाखोंचा आकडा होतो. तो प्रायोजकांकडून येतो किंवा सायकलस्वाराच्या खिशातून. मग लोक विचारतात, तेवढे पैसे थेट संस्थेलाच का नाही दिले? याला उत्तर आहे, पण ते मोहिमेगणिक बदलतं. प्रायोजकाने सायकलसाठी दिलेले पैसे त्याने मोतीबिंदूसाठी दिलेच असते असं नाही. पण लोकांच्या देणगीतून जर टायर आणि हॉटेलचं बिल भागत असेल, तर ती वेगळी गोष्ट झाली. चांगल्या मोहिमा हे दोन हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवतात. पॅन-मासने तर सायकलस्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर संस्थेला आणि आयोजनाचा खर्च प्रायोजकांकडून, असं ठरवूनच टाकलंय.

आपल्याकडे कायदाही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१ सी कलमाखाली धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्याला धर्मादाय आयुक्त कार्यालयाला कळवावं लागतं. गणेश मंडळं वर्गणीची परवानगी काढतात ती याच कलमाखाली. देणगीवर आयकरात सवलत (८० जी म्हणून ओळखली जाणारी) हवी असेल तर पावती नोंदणी झालेल्या संस्थेची लागते, सायकलस्वाराची चालत नाही, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. त्यामुळे जर्सीच्या पाठीवरचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर फोनवर नाव कोणाचं येतं, संस्थेचं की चालवणाऱ्याचं, हे पैसे पाठवण्याआधी सिन्नरच्या त्या टपरीवरसुद्धा दोन सेकंदांत कळतं.