‘कथित अमेरिकी नागरिक’: ॲना मे वाँगच्या कारकिर्दीमागचे कायदे

परदेशी निघण्याआधी हॉलिवूडची नटी ॲना मे वाँग हिला एक फॉर्म भरावा लागायचा. फॉर्म क्रमांक 430. ‘चिनी वंशाच्या कथित अमेरिकी नागरिकाचा अर्ज’ अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. तिचा जन्म लॉस एंजेलिसचा, वडीलही कॅलिफोर्नियातच जन्मलेले, घराणं 1850 च्या दशकापासून तिथे राहणारं. तरी नागरिकत्वाच्या आधी ‘कथित’ हा शब्द यायचाच. मग फोटो, चौकशी, अधिकाऱ्यासमोर जबाब. हे सगळं कशासाठी, तर परत येताना आपल्याच देशाच्या बंदरावर कुणी अडवू नये म्हणून. बर्लिन आणि लंडनच्या थिएटरांवर तिचं नाव लागत होतं, त्या वर्षांतही यातून तिची सुटका नव्हती.

ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच देशाच्या टांकसाळीने तिचा चेहरा 25 सेंटच्या नाण्यावर आणला. हनुवटीखाली हात, कपाळावर सरळ कापलेली झुलपं, भोवती सिनेमागृहाच्या पाटीवर असतात तशा दिव्यांची चौकट. अमेरिकी चलनावर आलेली ती पहिली आशियाई-अमेरिकी व्यक्ती. नाणं निघाल्यावर बऱ्याच ठिकाणी तिची ओळख ‘हॉलिवूडची पहिली चिनी-अमेरिकी तारका’ या एका ओळीत उरकली गेली. ती ओळ खरी आहे, पण या बाईने 40 वर्षं कशाशी टक्कर दिली, ते तिच्यातून कळत नाही. त्यासाठी थोडं मागे, कायद्यांच्या पुस्तकात जावं लागतं.

कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातून माणसं समुद्र ओलांडून येऊ लागली. खाणी, मग रेल्वेमार्ग, मग शेती आणि कपडे धुण्याचा धंदा. कामाला माणसं हवी होती, शेजारी नको होती. 1854 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालणार नाही. 1871 मध्ये लॉस एंजेलिसच्या चिनी वस्तीवर जमाव चालून गेला आणि एका रात्रीत किमान 18 जण मारले गेले. 1882 मध्ये अमेरिकी संसदेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला. एका विशिष्ट वंशाच्या लोकांचं नाव घेऊन दार बंद करणारा त्या देशातला हा पहिला मोठा कायदा. तो थेट 1943 पर्यंत टिकला.

ॲना मे नागरिक होती, ती 1898 च्या एका निकालामुळे. वाँग किम आर्क हा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी. चीनहून परतताना त्याला बंदरावर अडवलं गेलं, तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जिंकला. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो अमेरिकी, हे तत्त्व त्या खटल्याने पक्कं झालं. आडनाव सारखं असलं तरी या दोघांचं नातं नव्हतं. पण तो लढला नसता, तर सात वर्षांनी, 3 जानेवारी 1905 रोजी, लॉस एंजेलिसच्या फ्लॉवर स्ट्रीटवर जन्मलेल्या मुलीच्या नागरिकत्वाचं काय झालं असतं, हा विचार मला सोडत नाही.

तिचं घरचं नाव वाँग ल्यू त्साँग. वडील वाँग सॅम सिंग यांची लाँड्री होती आणि धुतलेल्या कपड्यांची गाठोडी गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचं काम मुलींकडे असायचं. सरकारी शाळेत मुलं तिला आणि तिच्या थोरल्या बहिणीला वंशावरून चिडवत, वेण्या ओढत. शेवटी आईवडिलांनी दोघींना चिनी मुलांसाठीच्या मिशनच्या शाळेत घातलं. त्याच सुमारास चित्रपटाचा धंदा न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियात येत होता आणि चिनी वस्तीच्या गल्ल्यांतून चित्रीकरण चालायचं. शाळा बुडवून ही पोरगी कॅमेऱ्यापाशी उभी राहायची, इतकी की चित्रीकरणाच्या मंडळींनी तिला ‘चौकस चिनी पोर’ असं टोपणनाव दिलं. गिऱ्हाइकांनी दिलेल्या बक्षिशीतून ती सिनेमाची तिकिटं काढायची.

1919 मध्ये ‘द रेड लँटर्न’ या मूकपटासाठी 300 चिनी मुली हव्या होत्या. वडिलांना न सांगता ती गेली. हातात कंदील घेऊन गर्दीत चालायचं, एवढंच काम. 1921 मध्ये तिने शाळा सोडली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या 17 व्या वर्षी, ‘द टोल ऑफ द सी’ची नायिका झाली. टेक्निकलर कंपनीच्या दोन रंगांच्या पद्धतीने काढलेला हा सुरुवातीचा पूर्ण चित्रपट. समुद्रातून वाहून आलेल्या अमेरिकी माणसाला एक चिनी मुलगी वाचवते, त्याच्यावर जीव लावते. तो निघून जातो, गोऱ्या बायकोसह परततो. मुलगी आपला मुलगा त्यांच्या हाती देते आणि समुद्राच्या स्वाधीन होते. कथा ‘मादाम बटरफ्लाय’ या ऑपेराच्या साच्यातली, पण तिचा अभिनय त्या साच्याबाहेरचा आहे. मूकपटांत तेव्हा हातवारे फार; ही मुलगी डोळ्यांत पाणी येऊ देते आणि स्थिर राहते. या चित्रपटाची शेवटची रिळं हरवली. 1985 मध्ये जीर्णोद्धार करताना अखेरीचा समुद्र जुन्या पद्धतीच्या दोन रंगांच्या कॅमेऱ्यानेच पुन्हा टिपला गेला.

1924 मध्ये नट डग्लस फेअरबँक्सच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये ती मंगोल दासी झाली आणि जगभर ओळखली गेली. इथून पुढे वाट मोकळी व्हायला हवी होती. ती झाली नाही, आणि त्याचं कारणही पुन्हा कायद्यातच सापडतं.

कॅलिफोर्नियात गोऱ्या आणि ‘मंगोलियन’, म्हणजे चिनी-जपानी वगैरे वंशांच्या, व्यक्तींचं लग्न बेकायदा होतं. ते कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये रद्द केलं, तोवर ॲना मे 43 वर्षांची झाली होती. पडद्यावर प्रेमकथा हवी, पण नायक गोरा आणि नायिका चिनी असली तर तिचा शेवट लग्नात करता येत नाही. मग पटकथाकारापुढे दोनच वाटा: चिनी नायिकेला मारून टाका, नाहीतर ती भूमिका गोऱ्या नटीला द्या. 1930 मध्ये चित्रपटधंद्याने स्वतःसाठी आचारसंहिता बनवली, ती 1934 पासून कडक झाली. तिच्यात वंशांच्या संबंधांवरची बंदी गोऱ्या-काळ्यांचं नाव घेऊन होती, पण प्रत्यक्षात स्टुडिओ ती आशियाई पात्रांनाही लावत. चिनी दिसण्यासाठी गोऱ्या नटांच्या पापण्यांवर चिकटपट्ट्या लावायच्या आणि खऱ्या चिनी नटीने शेजारी मोलकरीण म्हणून उभं राहायचं, हा त्या काळचा रिवाज. 1932 मध्ये एका मोठ्या स्टुडिओच्या ‘द सन-डॉटर’साठी तिचा विचार झाला, ती ‘चिनी भूमिकेसाठी फारच चिनी’ ठरली आणि काम गोऱ्या हेलन हेजला मिळालं.

त्याआधीच, 1928 मध्ये, ती युरोपला निघून गेली होती. बर्लिनमध्ये दिग्दर्शक रिचर्ड आयशबर्गने तिला ‘साँग’मध्ये घेतलं. पूर्वेकडच्या कथांची जर्मन सिनेमाला तेव्हा ओढ होती. आपल्याकडचे हिमांशू राय याच काळात म्युनिकच्या कंपनीबरोबर चित्रपट काढत होते, आणि त्यांचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन पुढे मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये आले. बर्लिनमध्ये विचारवंत वाल्टर बेंजामिनने तिची भेट घेऊन लेख लिहिला. ती जर्मन शिकली, फ्रेंच शिकली. लंडनच्या रंगमंचावर लॉरेन्स ऑलिव्हिएबरोबर नाटक केलं, तेव्हा समीक्षकांनी तिच्या अमेरिकी उच्चारांवर टीका केली. तिने शिकवणी लावून उच्चार बदलले.

1929 चा ‘पिकॅडिली’ हे माझ्या मते तिचं सर्वात मोठं काम. लंडनच्या एका नाइटक्लबच्या मोरीत भांडी विसळणारी शोशो. ती टेबलावर चढून नाचते, बाकीच्या बायका हातातलं काम टाकून बघत राहतात, मालक दारात उभा राहतो. फाटके मोजे, संथ वळणारी कंबर आणि कुणाचीच पर्वा नसलेला चेहरा. पुढे ती त्या क्लबची तारका होते, स्वतःच्या अटींवर करार करते. मात्र मालक आणि तिच्यातलं चुंबन पडद्यावर येत नाही, आणि शेवटी तिचा खून होतो. समुद्र पार केला तरी पटकथा तीच होती.

1930 मध्ये ती अमेरिकेत परतली. 1931 च्या ‘डॉटर ऑफ द ड्रॅगन’मध्ये ती नायिका, तिला 6,000 डॉलर मिळाले. चिनी खलनायक झालेला स्वीडनचा वॉर्नर ओलँड जेमतेम 23 मिनिटं पडद्यावर आहे, त्याला 12,000. पुढच्या वर्षी ‘शांघाय एक्स्प्रेस’मध्ये जर्मन तारका मार्लेन डीट्रिशच्या जोडीला तिची हुई फेई आली. मोजकी वाक्यं, पत्त्यांचा डाव, आणि एका रात्री हातात खंजीर. डीट्रिशसाठी प्रकाशयोजना, कपडे, पिसं, सगळं उभं केलेलं असताना नजर पुन्हापुन्हा कोपऱ्यातल्या या बाईकडे जाते. 1933 मध्ये इंग्लंडमधल्या मुलाखतीत तिने उघड विचारलं, की पडद्यावरचा चिनी माणूस नेहमी खुनी आणि दगाबाजच का? आमची संस्कृती पश्चिमेहून कितीतरी जुनी आहे, आम्ही तसे नाही.

मग ‘द गुड अर्थ’. पर्ल बक यांच्या चिनी शेतकऱ्याच्या कादंबरीला 1932 मध्ये पुलित्झर मिळालं होतं आणि एमजीएम स्टुडिओने तिच्यावर भव्य चित्रपट करायला घेतला. नायिका ओ-लान, कष्टाळू, अबोल शेतकरीण. ॲना मे आयुष्यभर याच भूमिकेची वाट पाहत होती. पण नायकाचं काम पॉल म्यूनीला मिळालं, आणि गोऱ्या नटाची बायको म्हणून चिनी नटी घेणं त्या संकेतांत बसेना. चीन सरकारही तिच्या आधीच्या भूमिकांमुळे तिच्यावर नाराज होतं. तिच्यापुढे आली ती लोटस, घर मोडणारी रखेल. तिने स्टुडिओला सांगितलं: चाचणी देईन, पण ही भूमिका करणार नाही. ओ-लान द्याल तर आनंदाने करेन. चिनी पात्रं गोरे नट करत असताना त्यातलं एकमेव वाईट पात्र तुम्ही चिनी रक्ताच्या मला करायला सांगता आहात.

ओ-लान जर्मनीत जन्मलेल्या लुईझ रेनरने केली आणि तिला ऑस्कर मिळालं. रेनर मोठी नटी होती, दोष तिचा नाही.

याच वर्षांत मुंबईत जन्मलेली एक नटी हॉलिवूडमध्ये नायिका होत होती. मर्ल ओबेरॉन, जन्म 1911. आपण टास्मानियाच्या, असं ती सांगायची. आशियाई वंश तिने आयुष्यभर लपवला. 1935 च्या कामासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. मुंबईची ती मुलगी कसल्या भीतीत जगली असेल, हे ॲना मेकडे पाहिलं की कळतं. एकीला लपणं शक्य होतं, दुसरीला नव्हतं.

नकारानंतर ॲना मे 1936 च्या जानेवारीत चीनला निघाली. आयुष्यात पहिल्यांदाच. वडील दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावंडांसह तिथे राहायला गेले होते. तिला येत होती ती दक्षिणेकडची बोली. शांघायमध्ये दुभाष्या लागला. नानकिंगमध्ये मेजवानीला बोलावून अधिकाऱ्यांनी तिच्या हॉलिवूडच्या भूमिकांवर भाषणं केली. अमेरिकेत ती चिनी म्हणून नको आणि चीनमध्ये अमेरिकी म्हणून दोषी. ती तशीच राहिली, पेकिंगमध्ये भाषा आणि तिथलं संगीतनाट्य शिकली, प्रवासाचं चित्रीकरण केलं, घराण्याच्या मूळ गावी जाऊन आली.

परतल्यावर पॅरामाउंटमध्ये तिला पहिल्यांदा मनाजोगं काहीतरी मिळालं. 1937 च्या ‘डॉटर ऑफ शांघाय’मध्ये ती माणसांची तस्करी करणाऱ्या टोळीचा माग काढते आणि नायक आहे कोरियन वंशाचा फिलिप आन. दोघं आशियाई, दोघं भल्या बाजूचे, आणि शेवटी लग्नाची मागणीही. कमी खर्चाचा, तासाभराचा चित्रपट, पण आज तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत आहे. 1939 मध्ये ती पडद्यावर शल्यविशारद झाली. जपानने चीनवर हल्ला केल्यावर तिने आपले पोशाख लिलावात काढले आणि 1942 च्या दोन युद्धपटांचं मानधन चीनच्या मदतनिधीला दिलं. 1943 च्या डिसेंबरमध्ये चिनी बंदीचा कायदा रद्द झाला. त्याच्या जागी वर्षाला 105 चिनी माणसांचा कोटा आला.

1951 मध्ये ड्यूमाँट टीव्हीने तिच्यासाठी मालिका काढली, ‘द गॅलरी ऑफ मादाम ल्यू-त्साँग’. जुन्या कलावस्तूंचा व्यापार करणारी चिनी बाई गुन्ह्यांचा छडा लावते. नाव तिचंच, जन्माचं. आशियाई-अमेरिकी कलाकार मुख्य भूमिकेत असलेली अमेरिकी टीव्हीवरची ती पहिली मालिका. तिचा एकही भाग आज उपलब्ध नाही. ज्या एका कामात तिचं खरं नाव शीर्षकात होतं, नेमकं तेच नाहीसं झालं, याची मला फार हळहळ वाटते.

शेवटची वर्षं तिने सांता मोनिकात भाऊ रिचर्डसोबत काढली. 1960 मध्ये हॉलिवूडच्या फुटपाथवर तिच्या नावाचा तारा बसला आणि ‘फ्लॉवर ड्रम साँग’ची तयारी सुरू झाली. आशियाई कलाकारांना मोठ्या संख्येने घेणारा तो स्टुडिओचा चित्रपट, त्यात मादाम लियांगची भूमिका तिला ठरली होती. 3 फेब्रुवारी 1961 रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली, वय 56. भूमिका कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्री ह्वानिता हॉलने केली.

लॉस एंजेलिसच्या रोझडेल स्मशानभूमीत आईच्याच थडग्यात तिच्या अस्थी आहेत. दगडावर आईचं नाव इंग्रजीत आहे. ल्यू त्साँग आणि तिची बहीण मेरी यांची नावं बाजूला चिनी अक्षरांत कोरली आहेत. ‘ॲना मे वाँग’ हे नाव त्या दगडावर नाही.