बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सी बायोटेक्नॉलॉजी: जॅमचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

आयआयटीतल्या एमएस्सीसाठी अर्ज दोनदा करावा लागतो. पहिला साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जॅम या सामायिक प्रवेश परीक्षेला बसण्यासाठी. दुसरा निकाल लागल्यानंतर, प्रवेशासाठी. चांगली रँक मिळूनही दुसरा अर्ज न भरल्यामुळे किंवा प्रमाणपत्र चुकीच्या नमुन्यातलं दिल्यामुळे वर्ष वाया जातं. जॅमचा गुण फक्त त्याच वर्षीच्या प्रवेशासाठी चालतो, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा.

परीक्षेचं आयोजन दरवर्षी वेगळी संस्था करते. २०२५ ची परीक्षा आयआयटी दिल्लीने घेतली, २०२६ ची आयआयटी मुंबईकडे. त्यामुळे संकेतस्थळाचा पत्ताही दरवर्षी बदलतो, आणि शोधताना मागच्या वर्षीचं माहितीपत्रक हाती लागण्याची शक्यता बरीच असते. वर्ष तपासूनच वाचा.

पात्रता

परीक्षेला बसण्यासाठी कोणतीही पदवी किंवा पदवीचं शेवटचं वर्ष पुरतं. वयाची अट नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी यांपैकी काहीही घेतलेलं चालतं. खरी गाळणी प्रवेशाच्या वेळी लागते, कारण प्रत्येक संस्थेच्या प्रत्येक अभ्यासक्रमाच्या अटी वेगळ्या. काही ठिकाणी बारावीला गणित असणं बंधनकारक असतं. अकरावीलाच गणित सोडून जीवशास्त्राचा गट घेतलेल्यांनी परीक्षेचं शुल्क भरण्याआधी संस्थानिहाय अटींचा तक्ता वाचावा. तो माहितीपत्रकाच्या शेवटी असतो आणि तिथपर्यंत बहुतेक जण पोहोचतच नाहीत.

बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरमध्ये जीवशास्त्र पदवी पातळीचं असतं, पण रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्रही असतं, त्यातलं गणित आणि भौतिकशास्त्र बारावीच्या पातळीचं. वेळ तीन तास, प्रश्न ६०, गुण १००. ‘अ’ विभागात एकच पर्याय बरोबर असलेले ३० प्रश्न. चुकलं तर एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण कापतात. ‘ब’ विभागातल्या १० प्रश्नांना एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात. ‘क’ विभागात २० प्रश्नांची उत्तरं संख्येत टाइप करायची. ‘ब’ आणि ‘क’ला उणे गुण नाहीत, म्हणून तिथे रिकामी जागा सोडणं हा निव्वळ तोटा. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, स्क्रीनवरचाच वापरावा लागतो.

पहिला अर्ज

नोंदणी ‘जोआप्स’ या पोर्टलवर होते. छायाचित्र, सही, ओळखपत्र आणि आरक्षण हवं असेल तर प्रवर्गाचं प्रमाणपत्र अपलोड करायचं. नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. आधारवर ‘वडिलांचं नाव मधे’ आणि गुणपत्रिकेवर ‘आडनाव आधी’ असा घोळ आपल्याकडे नेहमीचा. तो अर्ज भरण्याआधी निस्तरा, परीक्षा केंद्राच्या दारात नव्हे. बायोटेक्नॉलॉजीबरोबर रसायनशास्त्राचाही पेपर द्यायचा असेल, तर दोन्ही वेगवेगळ्या सत्रांत आहेत का ते पाहा. एकाच सत्रातले दोन पेपर देता येत नाहीत.

प्रवर्गाचं प्रमाणपत्र

सर्वांत जास्त अर्ज इथे अडतात, आणि महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांचे तर विशेष. आयआयटी केंद्राच्या अखत्यारीत आहेत, तेव्हा प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या नमुन्यातलंच लागतं. राज्यातल्या प्रवेशासाठी काढलेलं नॉन-क्रिमिलेअर तसंच जोडलं, तर त्रुटी निघते. अर्ज करतानाच केंद्राचा नमुना हवा असं स्पष्ट सांगा.

विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे गट केंद्रात नाहीत. त्यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. उदाहरणार्थ, राज्यात भटक्या जमाती ‘क’मध्ये असलेला धनगर समाज केंद्रात ओबीसीत येतो. आपल्या जातीची नोंद राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहा आणि तिथलंच नाव प्रमाणपत्रावर आलंय याची खात्री करा. राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गही केंद्र मानत नाही. अशा विद्यार्थ्याला निकषांत बसत असल्यास केंद्रासाठी ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र काढता येतं.

नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएस, दोन्हीकडे आठ लाखांचा आकडा ऐकू येतो, पण हिशेब वेगळा आहे. केंद्राच्या नॉन-क्रिमिलेअरमध्ये आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या आठ लाखांत धरत नाहीत. ईडब्ल्यूएसमध्ये पगार, शेती, धंदा सगळं धरतात, शिवाय पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असली तर पात्रता जाते. ‘आमचं उत्पन्न बसत नाही’ असं परस्पर ठरवून ओबीसी विद्यार्थी खुल्या प्रवर्गातून अर्ज भरतात, त्यातल्या काहींना गरज नसते. प्रमाणपत्र कोणत्या तारखेनंतरचं हवं ते माहितीपत्रकात असतं. तहसीलमध्ये लागणारा वेळ धरून ऑगस्टमध्येच कामाला लागा.

दुसरा अर्ज आणि जागा

निकालानंतर त्याच पोर्टलवर प्रवेशाचा अर्ज भरून अभ्यासक्रमांचा पसंतीक्रम द्यायचा. क्रम खऱ्या इच्छेने लावा. ‘मिळेल ते आधी’ असा लावला तर वरची जागा मिळण्याची शक्यता आपणच घालवतो. जागा देऊ केल्यावर तीन पर्याय असतात: स्वीकारून तीच कायम ठेवणं, स्वीकारून वरच्या पसंतीची वाट पाहणं, किंवा नाकारून बाहेर पडणं. मुदतीत काहीच न निवडणं म्हणजे नाकारणंच. शेवटच्या दिवशी बँकेचा व्यवहार अडकतो, म्हणून शुल्क आदल्या दिवशी भरलेलं बरं.

एनआयटींमधल्या एमएस्सीसाठी जॅमचाच गुण चालतो, पण नोंदणी ‘सीसीएमएन’ या त्यांच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेत स्वतंत्र करावी लागते. तिथे पदवीच्या गुणांची अटही आहे: खुला, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस यांना ६० टक्के किंवा ६.५ सीजीपीए, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ५५ टक्के किंवा ६.०. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एकात्मिक पीएचडीसाठीही तिचा स्वतःचा अर्ज वेगळा भरावा लागतो.

पुढे काय

या पदवीची मुख्य वाट संशोधनाकडे जाते. एमएस्सीनंतर सीएसआयआर-यूजीसी नेटमधून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. पीएचडी करायची नसेल तर लस आणि जैवऔषधांच्या कंपन्यांत गुणवत्ता नियंत्रण, किण्वन प्रक्रिया, क्लिनिकल डेटा अशी कामं आहेत. तिथे संस्थेच्या नावापेक्षा प्रयोगशाळेत कोणती उपकरणं स्वतः हाताळली हे विचारतात, म्हणून प्रबंधाचा विषय त्या दृष्टीने निवडावा.

रुजू होताना मूळ गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि विद्यापीठाचं मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं. सीजीपीए असेल तर टक्केवारीच्या रूपांतराचं सूत्र विद्यापीठाच्या सही-शिक्क्यानिशी घ्या. मायग्रेशनचा अर्ज शेवटच्या सत्राचा निकाल लागेल त्याच आठवड्यात टाका.