आठशे ॲम्पिअरला हात लावला तर काय होईल?

"शॉक व्होल्टने नाही, करंटने लागतो" हे वाक्य आपल्याकडे वायरमनपासून क्लासवाल्या सरांपर्यंत सगळेच ठासून सांगतात. ते खरंय, पण अर्धंच. त्यामुळे होतं काय, की भंगारातल्या मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरपासून स्पॉट वेल्डर (दोन पत्रे एका ठिपक्यावर वितळवून जोडणारं, म्हणजे टाका मारणारं यंत्र) बनवलाय आणि त्यातून ८०० ॲम्पिअर निघतात म्हटलं की लोक चार पावलं मागे सरकतात, आणि तोच ट्रान्सफॉर्मर मूळ वाइंडिंगसकट टेबलावर पडलेला असला की "चालू आहे का बघू" म्हणून बिनधास्त प्लग लावतात. अगदी उलटं.

ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज ठरतं तारेच्या वळशांवर. या मायक्रोवेव्हवाल्यात ढोबळमानाने एका वळशाला एक व्होल्ट पडतो. २३० व्होल्टच्या बाजूला दोनशेच्या वर वळसे, आणि दुसऱ्या बाजूला केसासारख्या बारीक तारेचे इतके की तिथे २००० व्होल्टच्या आसपास तयार होतात. वेल्डरवाले ही बारीक तारेची सेकंडरी कापून, ठोकून काढून टाकतात आणि त्या रिकाम्या जागेतून बोटाएवढ्या जाड केबलचे फक्त दोन वळसे घेतात. झाले २ व्होल्ट. आता कोरड्या कातडीचा रेझिस्टन्स हजारो ओहम असतो, त्यातून २ व्होल्ट काय ढकलणार, एक मिलिॲम्पिअरसुद्धा मुश्किल. पण केबल, तांब्याची टोकं आणि मधला पत्रा सगळं मिळून जेमतेम अडीच मिलिओहम, म्हणून तिथे तेच २ व्होल्ट ८०० ॲम्पिअर वाहवतात. हाताला शॉक लागणार नाही, फक्त हातात अंगठी किंवा कडं नको, ते टोकांच्या मध्ये आलं तर तेच लाल होईल.

(इथेच "फ्री एनर्जी"वाले येतात, सात ॲम्पिअर घातले आणि आठशे काढले म्हणून. अरे बाबा, २३० गुणिले ७ आणि २ गुणिले ८०० करून बघ की, दोन्हीकडे १६०० वॉटच.)

मूळ सेकंडरी मात्र खरंच जीव घेते. तिचं एक टोक कोअरलाच, म्हणजे मधल्या लोखंडी गाभ्यालाच जोडलेलं असतं, म्हणून दुसऱ्या टोकाला एक हात आणि कोअरला दुसरा हात, एवढंच पुरतं. घरातला ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पण पडत नाही, कारण तो फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक बघतो आणि हा सगळा खेळ ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे चाललेला असतो. शिवाय प्लग काढल्यावरही ओव्हनच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. लाकडावर विजेची नक्षी जाळायचे व्हिडिओ याच ट्रान्सफॉर्मरवर चालतात, अमेरिकेत त्यात माणसं मेलीत आणि तिथल्या वुडटर्नर्सच्या (लेथवर लाकूड कातणाऱ्यांच्या) संघटनेने आपल्या कार्यक्रमांत तो प्रकार बंद केलाय.

आता खरी मजा. लोखंड वितळतं १५०० अंशांच्या आसपास, तांबं १०८५ ला. मग तांब्याच्या दोन टोकांत धरलेला पत्रा वितळतो आणि तांबं शाबूत राहतं, हे कसं?

उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स गुणिले वेळ. करंट सगळीकडे तोच, म्हणून जिथे रेझिस्टन्स जास्त तिथेच जाळ. दोन पत्रे एकमेकांवर टेकतात तेव्हा ते खऱ्या अर्थाने फक्त बारीक उंचवट्यांवर टेकतात, सगळा करंट त्या मोजक्या ठिकाणांतून दाटीवाटीने जातो, आणि सगळ्यात जास्त उष्णता आतल्या त्या सांध्यात तयार होते. तिथला रेझिस्टन्स अर्धा मिलिओहम धरा, म्हणजे ३२० वॉट, अर्ध्या सेकंदात १६० जूल. ३ मिमी रुंद आणि दीड मिमी जाड लोखंडी टाक्याचं वजन साधारण ०.०८ ग्रॅम, तो वितळायला शंभरेक जूल लागतात. बसलं गणित. तांब्याच्या बाजूला रेझिस्टन्स कमी, आणि जी थोडी उष्णता येते ती तांबं लोखंडाच्या पाच-सहापट वेगाने ओढून नेतं. म्हणून टाका आतल्या आत वितळतो, वरून फक्त एक करडा ठिपका दिसतो. वेळ वाढवली तर मात्र तांब्यालाही उष्णता आवरत नाही आणि टोक पत्र्याला चिकटून बसतं.

यातूनच एक उलटी गोष्ट निघते, ती म्हणजे जास्त जोरात दाबलं तर टाका कच्चा राहतो. दाबामुळे उंचवटे चपटे होतात, रेझिस्टन्स घसरतो, उष्णता कमी. फार हलकं धरलं तर नुसत्या ठिणग्या आणि भोक.

हे तंत्र एलिहू थॉमसन या अमेरिकन संशोधकाचं. १८७७ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमधल्या प्रयोगात त्याच्या दोन तारा चुकून एकमेकींना जुळल्या, १८८६ मध्ये पेटंट मिळालं, आणि आज मोटारींच्या बॉडीवर असे हजारो टाके असतात. आपल्याकडे ई-बाईकच्या बॅटऱ्या बांधणारे सेलवर निकेलची पट्टी लावतात ती पण याच पद्धतीने.

टाका पक्का आहे का बघायला दोन पट्ट्या पकडीने सोलायच्या. टाक्याचं बटण एका पट्टीला चिकटून निघालं आणि दुसरीला भोक पडलं तर पास, दोन्ही सफाईने सुटल्या तर नुसत्याच चिकटल्या होत्या. ॲल्युमिनियमवर या घरगुती वेल्डरने प्रयत्न करूच नका, त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स इतका कमी आणि उष्णता इतक्या पटकन पळते की ८०० ॲम्पिअर तिथे काहीच नाहीत.