फाइलमधले सुरुवात आणि शेवट हे दोन कॉलम प्लीज काढू नका

आमच्याकडून पावसाचा, तापमानाचा डेटा घेणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, कारण दर सीझनला तेच दोन फोन येतात: एक म्हणजे "तुमचा पाऊस एक दिवस पुढे सरकलाय" आणि दुसरा "जूनच्या सरासरीवर १६ तारीख कशी काय पडली?" दोन्हीचं उत्तर एकच आहे आणि ते फाइलमधल्या सुरुवात आणि शेवट या दोन कॉलममध्येच असतं (नोंद कधीपासून कधीपर्यंतची आहे ते त्यात असतं), फक्त बहुतेक जण ते एक्सेलमध्ये घेतानाच उडवून टाकतात.

२६ जुलै २००५ घ्या, तो पाऊस सगळ्यांना आठवतो. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, जोर होता तो २६ च्या दुपारनंतर. पण आयएमडीचा, म्हणजे भारतीय हवामान खात्याचा, पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, आणि तारीख लागते ती संपतो त्या दिवसाची. म्हणून रोजच्या पावसाच्या फाइलमध्ये हा आकडा २७ जुलैला दिसतो. चूक कुणाचीच नाही, पण नुसती तारीख वाचली तर तुम्ही हा पाऊस २७ ला पडला असंच धरणार.

आमच्या नेटसीडीएफ (हवामानाचा डेटा ठेवायचा एक फॉरमॅट) फाइलमध्ये 'टाइम' सोबत 'टाइम बाउंड्स', म्हणजे सुरुवात आणि शेवट, असतं ते याचसाठी. त्या दिवसाचे दोन आकडे दिसतात, ३८५५७.१२५ आणि ३८५५८.१२५, म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस. शेवटचे .१२५ म्हणजे तीन तास, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ०३:०० म्हणजेच आपले सकाळचे साडेआठ. आता गंमत नाही, खरी अडचण इथेच होते: बाउंड्सला वेगळं युनिट लिहायची गरज नसते, टाइमचंच युनिट त्याला लागू होतं, हा सीएफ कन्व्हेन्शनचा (अशा फाइल लिहायच्या ठरलेल्या पद्धतीचा) नियम आहे, त्यामुळे काही सॉफ्टवेअर टाइमची छान तारीख करून दाखवतात आणि बाउंड्स तसेच कोरडे आकडे ठेवतात, आणि बघणाऱ्याला वाटतं हा काहीतरी कचरा आलाय, डिलीट.

मागच्या वर्षी मुळशीकडच्या एका कस्टमरचं असंच झालं. त्यांच्याकडे स्वतःचं पर्जन्यमापक आहे, माणूस सकाळी साडेआठला रीडिंग घेतो आणि वहीत आदल्या दिवसाची तारीख टाकतो, जे त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे कारण पाऊस मुख्यतः आदल्या दिवशी पडलेला असतो. आमच्या फाइलशी जुळवल्यावर सगळा सीझन एक दिवस सरकलेला. आमचे दोन दिवस गेले, त्यांचा आठवडा. सुरुवात आणि शेवटचे कॉलम ठेवले असते तर पहिल्याच ओळीवर कळलं असतं.

ईआरए-५ (जगभरच्या हवामानाचा तासातासाचा युरोपियन डेटासेट) सोबत जुळवणाऱ्यांनी अजून जपा. तिथे तासाचा पाऊस तास संपतो त्या वेळेवर लिहिलेला असतो. म्हणून आयएमडीची २७ तारीख हवी असेल तर २६ च्या ०४ यूटीसीपासून २७ च्या ०३ यूटीसीपर्यंतचे चोवीस आकडे बेरीज करायचे, ००पासून २३ पर्यंतचे नाही.

आता १६ जूनबद्दल. महिन्याची सरासरी कुठल्या एका दिवसाची नसतेच, पण टाइममध्ये एक तरी वेळ लिहावी लागते. आम्ही मधली लिहितो: जूनसाठी १६ तारीख ००:००, जुलैसाठी १६ दुपारी १२. कुणी १ तारीख लिहितात, कुणी महिन्याची शेवटची, नियमात तेही बसतं, पण मग बाउंड्स नसतील तर १ जुलै म्हणजे जूनचा शेवट की जुलैची सुरुवात हे कळायला मार्ग नाही. आमच्या बाउंड्समध्ये जून १ जून ००:०० ला सुरू होतो आणि १ जुलै ००:०० ला संपतो, ३० जूनला नाही. शेवट वजा सुरुवात केलं की बरोबर ३० दिवस मिळतात, आणि मिलिमीटर प्रतिदिवस असलेल्या सरासरीला त्यानेच गुणायचं, फेब्रुवारीचे २८-२९ आपोआप सांभाळले जातात. सरासरी आहे की बेरीज ते फाइलमधल्या 'सेल मेथड्स' या नोंदीत लिहिलेलं असतं, तेही एकदा वाचा.

नॉर्मल (बऱ्याच वर्षांची सरासरी) मागवणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. १९७१-२०२० च्या जून नॉर्मलची हद्द १ जून १९७१ ते १ जुलै २०२० अशी दिसेल. वजाबाकी केली तर ४९ वर्षं एक महिना येतो, पण आत फक्त ५० जून महिने आहेत, बाकीचे महिने नाहीत. म्हणून तिथे 'बाउंड्स' ऐवजी 'क्लायमेटॉलॉजी' असं लिहिलेलं असतं आणि सेल मेथड्समध्ये आधी वर्षाच्या आत सरासरी, मग वर्षावर्षांची सरासरी असं सांगितलेलं असतं. हे नाव बघितल्याशिवाय वजाबाकी करू नका.

दोन जादा कॉलममुळे फाइल जड होते अशी तक्रार येते, पण आम्ही ते काढून देणार नाही, कारण नंतर ते परत तयार करायला मूळ डेटावर जावं लागतं. सीएसव्ही हवी असेल तर आम्ही सुरुवात आणि शेवट आयएसटीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेत, लिहून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आणि तुमच्याकडे स्वतःच्या पर्जन्यमापकाची नोंद असेल तर ऑर्डर देतानाच रीडिंग किती वाजता घेता आणि तारीख कुठली टाकता एवढं कळवा, फाइल त्याच दिवसाला जुळवून पाठवतो.