बूलांजेवाद : जनरलच्या आधीची गोष्ट

बूलांजेवाद म्हणजे १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये जनरल बूलांजेभोवती उभी राहिलेली लोकप्रिय राजकीय चळवळ. तिचा इतिहास बहुतेकदा एका दिखाऊ सेनानीच्या हौसेची कथा म्हणून सांगितला जातो. मला ते पटत नाही. माणूस नंतर आला. त्याची वाट आधीच पाहिली जात होती.

जर्मनीशी झालेल्या युद्धात हरल्यावर १८७१ च्या फ्रँकफर्ट तहात फ्रान्सने अल्सेसचा बहुतेक भाग आणि लॉरेनचा काही भाग गमावला, वर पाच अब्ज फ्रँकची खंडणी आली. खंडणी १८७३ मध्ये फिटली, प्रांतांचे शल्य मात्र राहिले. त्याच शल्यातून १८८२ मध्ये राष्ट्रवादी कवी पॉल देरुलेद आणि सोबत्यांनी देशभक्तांचा संघ काढला आणि कवायत, नेमबाजीचा प्रसार सुरू केला. इकडे मंत्रिमंडळे पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळत होती, धंदे मंदावले होते.

जानेवारी १८८६ मध्ये डाव्या रॅडिकल गटाचा नेता क्लेमांसो याच्या पाठिंब्याने जनरल जॉर्ज बूलांजे युद्धमंत्री झाला. शिपायांना दाढी राखायची मुभा मिळाली, पहारेकऱ्यांच्या चौक्यांना तिरंगी रंग लागला. देकाझव्हीलच्या खाणसंपावर सैन्य धाडलेले असताना तो संसदेत म्हणाला, तिथला शिपाई या क्षणी आपल्या वाटणीचा घास खाणकामगारासोबत वाटून खात असेल. कामगारांना तो आपला वाटू लागला. मे १८८७ मध्ये त्याचे मंत्रिपद गेले. जुलैत त्याची पॅरिसपासून दूर क्लेरमाँ-फेराँला रवानगी झाली, तेव्हा त्याची गाडी अडवायला पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकात लोक इंजिनापुढे रुळांवर उतरले.

त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ग्रेव्हींचा जावई सन्मानपदके मिळवून देण्याचा बाजार मांडून बसल्याचे उघडकीला आले आणि ग्रेव्हींना पद सोडावे लागले. असंतुष्टांना आता एकच नाव दिसत होते. कामगारांची मते आणि राजेशाहीवाद्यांचा पैसा एकाच झोळीत पडू लागला. युझेसच्या डचेसने तर सुमारे तीस लाख फ्रँक ओतले. घोषणा तीनच शब्दांची होती : विसर्जन (म्हणजे संसदेचे), घटनाबदल, घटनासभा. त्यात ज्याला जे हवे ते त्याने वाचले.

२७ जानेवारी १८८९ रोजी पॅरिसच्या पोटनिवडणुकीत त्याला सुमारे २ लाख ४५ हजार मते पडली, प्रतिस्पर्ध्याला १ लाख ६२ हजार. त्या रात्री समर्थक राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे राजवाड्यावर चालून जाण्याचा आग्रह धरत होते. तो गेला नाही. एप्रिलमध्ये अटकेच्या भीतीने तो ब्रुसेल्सला पळाला आणि ३० सप्टेंबर १८९१ रोजी प्रेयसीच्या थडग्यावर त्याने स्वतःला गोळी घातली.

चळवळीची मुळे मात्र जिवंत होती. फेब्रुवारी १८९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर यांच्या अंत्यविधीच्या दिवशी एका जनरलच्या घोड्याचा लगाम धरून त्याला सत्तापालटासाठी एलिझेकडे वळवू पाहणारा माणूस देरुलेदच होता.