शियाँचा किल्ला

शियाँचा किल्ला हा स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवराच्या पूर्व टोकाजवळ, व्हो प्रांतातील व्हेतो गावच्या हद्दीत, किनाऱ्याला जवळजवळ खेटून असलेल्या खडकाळ बेटावर उभा असलेला मध्ययुगीन किल्ला आहे. माँत्रो शहरापासून तो सुमारे तीन किलोमीटरवर आहे. आपल्या दुर्गशास्त्राच्या भाषेत त्याला जलदुर्ग म्हणावे लागेल. मात्र समुद्रातल्या जलदुर्गाप्रमाणे आरमाराशी त्याचा संबंध फारसा नव्हता. त्याचे खरे काम घाटावरच्या नाक्याचे होते, आणि ही गोष्ट मनात ठेवून पाहिले तरच किल्ला आणि त्याच्या आसपासचा प्रदेश यांची संगती लागते.

आल्प्सचा एक उतार येथे थेट सरोवरात उतरतो. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जमिनीची जेमतेम एक पट्टी उरते. उत्तर युरोपातून इटलीकडे निघालेला मध्ययुगीन व्यापारी, यात्रेकरू किंवा सैनिक सरोवराचा किनारा धरून येथवर येई, पुढे ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शिरे आणि २,४६९ मीटर उंचीची ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड ओलांडून पलीकडे उतरे. कँटरबरीहून रोमला जाणारा प्रसिद्ध यात्रामार्गही हाच. या पट्टीवर ज्याचा ताबा त्याच्या हाती वाटेची जकात, असा साधा हिशेब होता. बाराव्या शतकाच्या मध्यास, ११५० च्या सुमाराच्या लेखात किल्ल्याचा उल्लेख येतो तेव्हा साव्हॉय घराण्याची सत्ता येथे प्रस्थापित झालेली दिसते. १२१४ मध्ये याच घराण्यातील पहिल्या थॉमसने किल्ल्यापासून दोनेक किलोमीटरवर व्हिलनव्ह, म्हणजे शब्दशः ‘नवे गाव’, वसवले आणि जकातीची व्यवस्था बळकट केली. साव्हॉयचा दुसरा पीटर याच्या काळात, तेराव्या शतकाच्या मध्यास, किल्ल्याला आजच्यासारखे रूप येऊ लागले.

किल्ल्याचे बेट सुमारे १०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद असून त्याच्या लांबट आकाराबरहुकूम भिंती उचलल्या आहेत. किनारा आणि बेट यांच्यामधील पाण्याची अरुंद फट हाच नैसर्गिक खंदक होय. पूर्वी तेथे उचलता येणारा पूल होता, आता कायमचा पूल आहे. किल्ल्याला दोन चेहरे आहेत. जमिनीच्या बाजूला अर्धगोल बुरूज, जाड तट, जंग्या (मारा करण्यासाठी तटात ठेवलेली भोके) आणि टेहळणीच्या जागा आहेत, तर सरोवराच्या बाजूला, जिथून हल्ल्याची भीती कमी, तिथे नक्षीदार गॉथिक खिडक्यांचे दिवाणखाने आणि शयनगृहे आहेत. त्यामुळे रस्त्यावरून पाहणाऱ्याला तो लष्करी ठाणे वाटतो आणि नावेतून पाहणाऱ्याला राजवाडा. शक्य असल्यास दोन्ही बाजूंनी पाहावा. एकाच बाजूने पाहिलेला शियाँ अर्धाच पाहिला जातो.

आत सुमारे पंचवीस लहानमोठ्या इमारती अनेक शतकांच्या ओघात एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत, आणि त्या काही अंगणांभोवती रचलेल्या आहेत. मोठ्या दालनांत ओकच्या लाकडाचे उंच खांब आणि भल्यामोठ्या चुली आहेत. साव्हॉयच्या सरदारांच्या शयनगृहाच्या भिंतींवर चौदाव्या शतकातील चित्रकामाचे अवशेष आहेत, त्यांत प्राणी ओळखू येतात. त्याच शतकातील चित्रे किल्ल्यातील लहान प्रार्थनागृहातही आहेत. या चित्रांपुढे आजच्या पर्यटकांचा पाय फारसा थबकत नाही, याचे वाईट वाटते, कारण दगडी भिंतींच्या या वास्तूत एके काळी किती रंग होता याची साक्ष तीच देतात. भिंतीबाहेर काढलेली शौचकुपे हेही पाहण्यासारखे आहे : लाकडी फळीला गोल भोक, त्याखाली भिंतीतून सरळ उतरणारी पोकळी आणि तळाशी सरोवर. भोकातून वाकून पाहिले की खोलवर चमकणारे पाणी दिसते आणि खालून गार वारा तोंडावर येतो.

किल्ल्याचा सर्वांत प्रसिद्ध भाग मात्र तळघर हा आहे. त्याची एक बाजू मूळ खडकातच आहे आणि कमानदार छत दगडी खांबांच्या रांगेवर तोललेले आहे. मुळात ही कोठाराची जागा होती. पुढे तिचा काही भाग तुरुंग झाला. सरोवराकडच्या भिंतीतील अरुंद झरोक्यांतून दुपारी उन्हाचा कवडसा पाण्यावर पडून उलटा आत येतो आणि छताच्या कमानींवर हलत राहतो. कारागृहाच्या जागी असे सुंदर दृश्य दिसावे, हे मनाला चटका लावणारे आहे.

जिनिव्हाच्या स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता आणि सेंट व्हिक्टर मठाचा प्रमुख फ्रान्स्वा बोनिव्हार याला साव्हॉयच्या ड्यूकने १५३० मध्ये येथे डांबले. पहिली दोन वर्षे त्याला बऱ्यापैकी वागवले गेले. पुढची चार वर्षे त्याने तळघरात काढली. १५३६ मध्ये बर्न या स्विस नगरराज्याच्या सैन्याने किल्ला जिंकला तेव्हाच त्याची सुटका झाली. १८१६ मध्ये कवी बायरन आणि शेली सरोवराच्या सफरीवर असताना येथे आले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बायरनने ‘द प्रिझनर ऑफ शिलॉन’ (शियाँचा कैदी) हे दीर्घकाव्य लिहिले. काव्यातला कैदी आपल्या भावांना डोळ्यांदेखत मरताना पाहतो, पण खऱ्या बोनिव्हारच्या बंदिवासात असे काही घडलेले नाही. सुटकेनंतर तो जिनिव्हाचा इतिहास लिहीत दीर्घकाळ जगला आणि १५७० मध्ये वारला. तरीही शियाँची कीर्ती जगभर नेली ती कवितेनेच. तळघरातील एका खांबावर बायरनचे म्हणून ओळखले जाणारे नाव कोरलेले असून ते काचेआड जपले आहे.

या कवितेच्या छायेत याच भिंतींआडची एक अधिक भीषण घटना झाकली गेली आहे. १३४८ मध्ये प्लेगची साथ युरोपात पसरत असताना विहिरींत विष कालवल्याचा खोटा आरोप ज्यू लोकांवर ठेवण्यात आला. या परिसरातील ज्यूंना शियाँमध्ये आणून छळ करून कबुलीजबाब घेण्यात आले, आणि ते कबुलीजबाब किल्लेदाराने स्ट्रासबुर्गसारख्या शहरांकडे पाठवले. १३४९ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबुर्गमध्ये ज्यूंची कत्तल झाली. बर्नच्या अमलातही चेटूक केल्याच्या आरोपावरून अनेक स्त्रिया येथे कैदेत होत्या. बोनिव्हारच्या खांबापाशी उभे राहताना ही माणसेही आठवली पाहिजेत.

बर्नच्या राजवटीत (१५३६ ते १७९८) किल्ला सुभेदाराचे निवासस्थान, धान्याचे कोठार आणि शस्त्रागार होता. भिंतींवर बर्नचे अस्वलाचे चिन्ह त्याच काळात रंगवले गेले. १७९८ मध्ये व्हो प्रदेश बर्नच्या सत्तेतून मुक्त झाला, आणि पुढे किल्ला व्हो प्रांताच्या मालकीचा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुरातत्त्वज्ञ आल्बेर नेफ यांच्या देखरेखीखाली उत्खनन आणि जीर्णोद्धाराचे काम झाले. आज शियाँ ही स्वित्झर्लंडमधील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या ऐतिहासिक वास्तूंपैकी एक आहे.

जमिनीच्या अरुंद पट्टीचे महत्त्व मध्ययुगाबरोबर संपले नाही. १८६१ मध्ये लोझानहून आलेला लोहमार्ग किल्ला आणि कडा यांच्यामधूनच पुढे नेला गेला. दुसऱ्या महायुद्धात समोरच्या कड्याच्या पोटात स्विस लष्कराने तोफांचा गुप्त किल्ला खोदला, तो आता संग्रहालय म्हणून पाहता येतो. १९६९ मध्ये डोंगराच्या कुशीतून दोन किलोमीटरहून अधिक लांबीचा महामार्गाचा पूल गेला. किल्ल्याच्या अंगणातून मान वर केली की साव्हॉयचे बुरूज आणि महामार्गाचे खांब एकाच नजरेत येतात.

किल्ल्याला जाण्याचा सर्वांत चांगला मार्ग माँत्रोहून किनाऱ्याने पायी जाण्याचा आहे. पाऊण ते एक तासाच्या या फुलझाडांनी सजवलेल्या वाटेवर किल्ला हळूहळू मोठा होत जातो आणि सरोवरापलीकडे ३,२५७ मीटर उंचीच्या दाँ द्यू मिदी शिखरांची दातेरी रांग दिसते. बस आणि आगगाडीचीही सोय आहे, तसेच हंगामात सरोवरातील बोटी किल्ल्याजवळच्या धक्क्याला लागतात. आतली फरशी ओबडधोबड आणि जिने अरुंद असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनी सवडीने फिरावे. तळघरात उन्हाळ्यातही गारवा असतो.

माँत्रो हे १९६७ पासून भरणाऱ्या जाझ महोत्सवासाठी प्रसिद्ध आहे. तेथील सरोवरकाठच्या चौकात क्वीन या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा पुतळा १९९६ मध्ये उभारला गेला. क्वीनने १९७९ मध्ये येथील ध्वनिमुद्रणगृह विकत घेतले होते. झांझिबारमध्ये जन्मलेल्या या पारशी मुलाचे बालपणातील शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले, त्यामुळे मराठी प्रवाशाला हा पुतळा अगदी परका वाटत नाही. माँत्रोहून दात्यांच्या रुळांवरून चढणारी गाडी २,०४२ मीटर उंचीच्या रोशे द ने शिखरावर नेते. वर आल्पीय वनस्पतींची बाग आहे, आणि शिखरावरून खाली पाहिले की किल्ला खेळण्याएवढा दिसतो. मे महिन्यात या डोंगरउतारांवर रानटी नार्सिससची पांढरी फुले इतकी दाटतात की स्थानिक लोक त्यांना ‘मे महिन्याचा बर्फ’ म्हणतात.

किल्ल्यापासून लोझानच्या पूर्वसीमेपर्यंत सुमारे ३० किलोमीटर पसरलेले लाव्होचे द्राक्षमळे २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. अकराव्या-बाराव्या शतकांत मठवासी साधूंनी दगडी बांध घालून या उतारावर ताली पाडल्या. येथील शेतकरी सांगतात की, या द्राक्षांना तीन सूर्य मिळतात : आकाशातला, सरोवरातून परतणारा आणि दगडी बांधांत दिवसभर साठून रात्री सुटणारा. पुढे व्हवेजवळच्या कोर्सिए येथे चार्ली चॅप्लिन १९५३ पासून १९७७ मधील मृत्यूपर्यंत राहिला. त्याच्या घरी २०१६ पासून संग्रहालय आहे.

किल्ल्याच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे थॉमसने वसवलेल्या व्हिलनव्हमध्ये, फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ राहत असत. लंडनमधील दुसरी गोलमेज परिषद आटोपून परतताना महात्मा गांधी १९३१ च्या डिसेंबरात ६ ते ११ तारखेपर्यंत त्यांच्याकडे मुक्कामास होते. मीराबेन, महादेवभाई देसाई आणि प्यारेलाल त्यांच्यासोबत होते. निघण्यापूर्वीच्या संध्याकाळी गांधींनी विनंती केली आणि रोलाँ यांनी बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीतील संथ भाग त्यांना पियानोवर वाजवून ऐकवला.