तातडीचे दंतोपचार

दाताचा, हिरडीचा किंवा जबड्याचा त्रास अपॉइंटमेंटपर्यंत थांबू शकत नाही तेव्हा जे उपचार घ्यावे लागतात ते तातडीचे दंतोपचार, बोलीभाषेत दातांची इमर्जन्सी. खरी इमर्जन्सी म्हणजे झोपू न देणारा ठणका, चेहऱ्यावर चढलेली सूज, मार लागून हललेला किंवा मुळासकट बाहेर आलेला दात, आणि दात काढल्यावर न थांबणारं रक्त. कॅप निघाली, सिमेंट पडलं, ब्रेसेसची तार गालाला टोचतेय, हे त्रासदायक असलं तरी एक-दोन दिवस निघतात (तारेच्या टोकावर ब्रेसेसचं मेण चिकटवायचं, झालं).

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी, इमर्जन्सीत गेल्यावर त्या दिवशी दाताचं काम पूर्ण होत नाही. दुखणं थांबवणं, पू काढणं, रक्त थांबवणं एवढंच त्या दिवसाचं काम असतं आणि उरलेलं पुढच्या बैठकांत. हे माहीत नसलं की "एवढे पैसे घेतले आणि नुसतं भोक पाडून कापूस भरला" अशी तक्रार होते, पण त्या भोकानेच रात्रीची झोप परत मिळालेली असते.

आधी कुठे जायचं ते ठरवावं लागतं. सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरलीय, जीभ वर उचलल्यासारखी झालीय, थुंकी गिळता येत नाही, आवाज बदललाय, तोंड उघडत नाही, सोबत ताप, यातलं काही दिसलं तर दातांचा दवाखाना शोधत फिरायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं नाहीतर १०८ लावायचा. खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्यात खोलवर असतात, तिथला पू जिभेखाली आणि गळ्यात उतरू शकतो आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते. याला लुडविग्ज अँजायना म्हणतात, जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं. आता हे क्वचित दिसतं पण दिसलं की तासांचा हिशोब असतो. सूज वर डोळ्यापर्यंत गेली असेल तरी तेच. आणि डाव्या जबड्यात दुखतंय, दात मात्र सगळे ठीक, वर घाम आणि छातीत जडपणा, तर ते हृदयाचं असू शकतं, तिथेही हॉस्पिटलच.

दाढ रात्रीच का ठणकते हा नेहमीचा प्रश्न. दाताच्या आत नस आणि रक्तवाहिन्या असतात, कीड तिथपर्यंत पोचली की आतला भाग सुजतो, पण भोवती टणक भिंती असल्यामुळे सुजेला जागाच नसते, त्यात आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका सुरू, म्हणून उशी उंच घेतली की थोडं बरं वाटतं. थंडाने झिणझिण होऊन लगेच थांबत असेल तर बहुतेक वेळा साधं सिमेंट भरून भागतं. गरम लागल्यावर कळ येऊन बराच वेळ टिकत असेल, किंवा काही न खाता-पिता आपोआप दुखत असेल, तर रूट कॅनल (आतली नस काढून पोकळी साफ करून भरणं) नाहीतर दात काढणं. यातली फसवी अवस्था म्हणजे चार दिवस बोंबलून दाढ एके दिवशी आपोआप शांत होते. माणूस खूश होतो, अपॉइंटमेंट रद्द करतो. आत नस मेलेली असते, आणि काही आठवड्यांनी मुळाशी पू धरून गाल सुजतो.

घरी काय करायचं? कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, दातात अडकलेलं फ्लॉसने (दातांच्या फटीत फिरवायचा बारीक दोरा) हळूच काढणं, आणि चालत असेल तर आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन अॅसिडिटीचा अल्सर, किडनीचा आजार, दमा, गरोदरपण असलेल्यांनी विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत कुणीच घेऊ नये कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. लवंगेचं तेल खरंच काम करतं, त्यातलं युजेनॉल बधीर करतं, दातांच्या दवाखान्यात शिरल्यावर येणारा टिपिकल वासही त्याचाच. पण कापसाला थोडंसं लावून किडलेल्या खड्ड्यात ठेवायचं, हिरडीवर ओतलं तर भाजतं. अॅस्पिरिनची गोळी गालात धरून ठेवणारेही असेच भाजून घेतात. गालाला बाहेरून गरम शेक अजिबात नको, पू बाहेरच्या बाजूला ओढला जातो. रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन "किडे" पडतात असं अजून काही गावांत करतात, दाताच्या किडीत असा किडा मुळात नसतोच. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेणं तर सगळ्यात वाईट, आतली मेलेली नस तशीच राहते आणि दुखणं महिन्याभराने परत येतं.

मार लागून अख्खा दात बाहेर आला (क्रिकेटचा चेंडू, दुचाकी, दहीहंडीचा थर) तर तो पक्का दात परत बसवता येतो, पण वेळ फार थोडा असतो. दात पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. माती असेल तर पाण्याखाली काही सेकंद धरून जमलं तर तिथेच खाचेत बसवायचा आणि रुमाल दाबून धरायचा. नाही जमलं तर थंड दुधात टाकून निघायचं. रुमालात गुंडाळलेला कोरडा दात किंवा नळाच्या पाण्यात बुडवून आणलेला दात, दोन्हीत मुळावरच्या पेशी मरतात. अर्ध्या तासात पोचलं तर चांगला चान्स, तासाभरानंतर तो झपाट्याने कमी होतो. डॉक्टर दात बसवून शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बारीक तारेने बांधून ठेवतात. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

दवाखान्यात आधी विचारपूस, मग दात ठोकून बघणं, थंड लावून बघणं, छोटा एक्स-रे. इथे लपवाछपवी नको: रक्त पातळ करायच्या गोळ्या (मनाने बंद करून जायचं नाही), शुगर, हृदयाची झडप, हाडं ठिसूळ झाल्याची इंजेक्शनं, गरोदरपण, सगळं सांगायचं. मग बधीर करायचं इंजेक्शन. खूप सुजलेल्या दाढेला ते कधीकधी नीट लागत नाही, पू असलेल्या जागी आम्लता वाढते आणि औषधाचा जोर कमी होतो, म्हणून दुसरी-तिसरी सुई द्यावी लागते, त्यावरून डॉक्टरचा हात कच्चा आहे असं समजायचं कारण नाही. त्यानंतर दाढ उघडून नस काढतात, किंवा हिरडीला चीर देऊन पू काढतात, किंवा दातच काढतात. "सूज असताना दात काढत नाहीत" हे सरसकट खरं नाही, बऱ्याचदा दात काढणं हीच पू निघायची वाट असते. वरची दाढ काढली की नजर जाते हेही खोटं, डोळ्याची नस वेगळी. खरी अडचण येते ती खर्रा-गुटखा खाणाऱ्यांची, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नसेल तर मागच्या दाढेपर्यंत हातच पोचत नाही.

रविवारी आणि रात्री खरी पंचाईत. खासगी दवाखाने बहुतेक दुपारी बंद आणि रविवारी सुट्टी, त्यामुळे आपल्या डॉक्टरचा नंबर आधीच घेऊन ठेवावा. स्वस्तात हवं तर डेंटल कॉलेज: मुंबई सेंट्रलचं नायर, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय कॉलेजं, गोव्यात बांबोळी. तिथे सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, विद्यार्थी काम करतात पण वर शिक्षक असतात, वेळ भरपूर लागतो. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो. इंग्लंडमधल्या मराठी मंडळींनी १११ ला फोन करायचा, तिथून तातडीची वेळ मिळते. आरोग्य विम्यात अपघात सोडला तर दातांचा खर्च सहसा बसत नाही.

दात काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, सारखा काढून बघायचा नाही. चोवीस तास गुळण्या, थुंकणं, स्ट्रॉ, विडी-सिगारेट बंद, कारण खड्ड्यातली रक्ताची गाठ हलता कामा नये. ओठ-जीभ दोन-तीन तास बधीर राहते, लहान मुलं ओठ चावून घेतात, लक्ष ठेवावं लागतं. रक्त वाहतच राहिलं तर नवा कापूस दाबून परत जायचं. दुखणं रोज कमी होत गेलं पाहिजे. दुसऱ्या-चौथ्या दिवसाच्या दरम्यान उलट वाढून कानापर्यंत कळा जायला लागल्या, तोंडाला वास यायला लागला, तर गाठ निघून गेलेली असते, याला ड्राय सॉकेट म्हणतात, खालच्या अक्कलदाढेत आणि सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त. त्यावर अँटिबायोटिक लागत नाही, डॉक्टर खड्डा धुऊन लवंग तेलाचं औषध भरतात आणि खुर्चीतून उठेपर्यंत बराच आराम पडतो.